उसनी जादू

१९७५ साली ‘ग्रेहॉक’ नावाच्या एका पातळ पुरवणीत पॅलाडिन हे पात्र पहिल्यांदा छापलं गेलं, आणि आलं तेच खिशात बडतर्फीची नोटीस घेऊन. हा धर्मनिष्ठ योद्धा, नुसता हात ठेवून जखमा आणि रोग बरे करणारा. पण त्याच्या हातून धर्माला सोडून एक कृत्य घडलं की पद गेलं, पदाबरोबर शक्ती गेल्या, आणि गेल्या त्या कायमच्या. अपील नाही, प्रायश्चित्त नाही. ज्या खेळात मेलेलं पात्रसुद्धा योग्य मंत्राने उठून बसतं, तिथे या शिक्षेवर मात्र उतारा नव्हता.

खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडलेला. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो, त्याला डन्जन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. ‘मी दार ढकलतो’, ‘मी त्या म्हातारीला खोटं सांगतो’ असं बोलत बोलत गोष्ट पुढे सरकते, आणि जिथे काय होईल याची शंका असते तिथे फासा पडतो. डाव एका रात्रीत संपत नाही. एकच पात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. त्याला काय काय येतं हे एका कागदावर लिहिलेलं असतं आणि त्यातली प्रत्येक ओळ खेळाडूने शनिवार-रविवार घालवून कमावलेली असते.

त्या कागदावरची ओळ खोडायचा अधिकार कुणाला, हा या पुस्तकाचा विषय. जादू वापरणाऱ्या पात्राने आपल्या देवाचं, गुरूचं, संघाचं किंवा करार केलेल्या सैतानाचं ऐकलं नाही, तर पुढे काय? तलवारबाजाला हा प्रश्न कधी पडत नाही. त्याने राजाशी बेइमानी केली तर शिपाई मागे लागतील, मुंडकं उडेल, पण तलवार फिरवायचं कसब काही मनगटातून उतरणार नाही. जादूचं तसं नसतं. बहुतेक खेळांत ती उसनी असते, आणि उसनी आहे म्हटल्यावर ती परत मागणारा कुणीतरी असतोच. माझं म्हणणं एवढंच, की या शिक्षांचे नियम वाचताना पापाची यादी नंतर वाचावी, आधी जादू परत मागणारा कोण आहे ते बघावं. देव मागतो, भाईबंद मागतात, फासा मागतो की डीएम मागतो, यावर सगळ्या डावाची चव ठरते.

गायगॅक्सला हे चांगलं कळत होतं. पहिल्या पुस्तिकांतच असं लिहून ठेवलेलं होतं, की वरच्या पातळीच्या क्लेरिकने, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या पुरोहित-योद्ध्याने, पक्ष बदलला तर त्याला मिळालेले सगळे लाभ तत्काळ बंद. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये तर त्याने मंत्र कुठून येतात याची उतरंडच लावली. पहिल्या दोन पातळ्यांचे मंत्र क्लेरिकच्या स्वतःच्या श्रद्धेतून आणि शिक्षणातून येतात. तिसऱ्या ते पाचव्या पातळीचे देवाचे दूत आणून देतात. सहाव्या-सातव्या पातळीचे मंत्र मात्र थेट देवाकडून. म्हणजे धाकटा क्लेरिक थोडा घसरला तरी त्याची जखम भरायची विद्या सहसा जात नाही, वर कुणाला कळतही नाही. मोठा झाला की रोजच्या प्रार्थनेला साक्षात मालकासमोर उभं राहायचं, आणि मालक विचारणार, काल त्या गावात काय केलंस? तो मागितलेला मंत्र नाकारू शकतो, मागितला एक तर दुसराच हातावर ठेवू शकतो, उपासतापास करायला लावू शकतो. ही कल्पना मला आजही फार आवडते. पात्र जसजसं मोठं होतं तसतशी त्याची मोकळीक कमी होते, हे खऱ्या आयुष्याइतकंच अन्यायाचं आणि म्हणून पटणारं आहे. पुढच्या आवृत्त्यांनी ही उतरंड हळूहळू सोडून दिली. ते नुकसानच झालं असं मी म्हणेन.

पॅलाडिनचा नियमही एव्हाना थोडा सैलावला होता. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये बेशिस्त आणि दुष्टपणा यांत फरक केला गेला. शिस्त मोडली तर सातव्या किंवा त्यावरच्या पातळीचा, त्याच नीतीचा, म्हणजे खेळातल्या त्याच नैतिक बाजूचा, पुरोहित शोधायचा, त्याच्यासमोर कबुली द्यायची, तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. समजून-उमजून दुष्ट कृत्य केलं तर मात्र कायमचा साधा योद्धा. शिवाय कमाईचा दहावा हिस्सा दान आणि जादूच्या वस्तू जास्तीत जास्त दहा, त्याही मोजून: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रं आणि इतर चार. शेवटचा भाग वाचताना धर्मयोद्ध्यापेक्षा आयकर विवरणपत्रच जास्त आठवतं.

आता टेबलावर प्रत्यक्ष काय होतं ते बघू. गुहेतली लढाई संपली आहे. एक गॉब्लिन, म्हणजे छोटासा राक्षस, शस्त्र टाकून गुडघ्यांवर बसलाय. डीएम सांगतो, हा सुटला तर रात्रीतून टोळीला खबर देणार, आणि खाली गावात शंभर माणसं झोपली आहेत. सगळे पॅलाडिनच्या खेळाडूकडे बघतात. तो म्हणतो, बांधून बरोबर नेऊ. डीएम म्हणतो, दोर संपलाय. मग सोडून देऊ? गाव जळेल, आणि निष्पापांना वाऱ्यावर सोडल्याचं पाप लागेल. मग मारू? शरण आलेल्याला मारल्याचं पाप. खेळाडू दोन मिनिटं गप्प बसतो, शेवटी म्हणतो, ठीक आहे, मारतो. डीएम हसत हसत रबर पुढे सरकवतो. सहा महिन्यांची कमाई एका वाक्यात पुसली जाते. पुढच्या रविवारी तो खेळाडू येत नाही, आणि आला तर तलवारबाज घेऊन येतो.

या सापळ्यावर गेल्या पन्नास वर्षांत खेळाडूंनी जितका वाद घातलाय तितका दुसऱ्या कुठल्या नियमावर क्वचितच घातला असेल. दोष गॉब्लिनचा नाही आणि देवाचाही नाही. इथे देव, कायदा आणि प्रसंग हे तिन्ही एकाच माणसाच्या तोंडून बोलत होते. दोर संपलाय हे त्यानेच ठरवलं, पाप कशाला म्हणायचं हेही त्यानेच ठरवलं, आणि शिक्षाही त्यानेच ठोठावली. यात खेळाडूने काही मोडलं असं म्हणायलाच जागा नाही. त्याला मोडायला लावलं.

कर्णाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. खोटं सांगून विद्या घेतली म्हणून परशुरामाचा शाप, की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. शिक्षा म्हणून ही कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा कडक. पण ती सहन होते, कारण शाप कधीचा सांगून ठेवलेला असतो. कर्णाला तो माहीत असतो, ऐकणाऱ्यालाही माहीत असतो, आणि तरी रथाचं चाक रुतेपर्यंत तो लढत जातो. कुरुक्षेत्रावर अचानक कुणी येऊन ‘अरे हो, तुझं अस्त्र आता चालणार नाही’ म्हणालं असतं, तर ती गोष्ट महाभारतात टिकली नसती.

म्हणूनच ज्या खेळांनी पथ्यं आधी कागदावर मांडली, ते मला उजवे वाटतात. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरान्था या जगातले पंथ आले, आणि पंथाशी दगा करणाऱ्याच्या मागे देव आपली भुतं लावतो हेही त्यांच्याबरोबर आलं. त्यातला हुमाक्त हा मृत्यूचा आणि युद्धाचा देव. तो भक्ताला एक देणगी देतो आणि तिच्याबरोबर एक पथ्य बांधून देतो. पथ्य मोडलं की देणगी गेली. काय घेतो आहोत आणि कशाच्या बदल्यात, हे खेळाडूला पहिल्या दिवसापासून ठाऊक. २०१९ च्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने हेच सरसकट केलं: प्रत्येक देवाच्या नावापुढे त्याला वर्ज्य काय, याची छापील यादी. सॅरेनरे या देवीच्या यादीत खोटं बोलणं तर आहेच, पण खरा पश्चात्ताप झालेल्याला सुधारायची संधी नाकारणं हेही आहे. तिच्या भक्तासमोर तो गॉब्लिन गुडघे टेकून बसला असता, तर निदान वाद कशावर घालायचा हे सगळ्यांना माहीत असतं.

देवाला बाजूला ठेवून भाईबंदांच्या हाती दंड देणारे खेळ ही दुसरी जात, आणि तिथे १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ला तोड नाही. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी रचलेला हा खेळ बाराशेवीस सालच्या आसपासच्या युरोपात घडतो. तिथे परी आणि सैतान खरे आहेत आणि जादूगारांचा एक संघ आहे, ऑर्डर ऑफ हर्मिस. आत येताना शपथ घ्यावी लागते. सामान्यांच्या राजकारणात पडून संघावर संकट आणायचं नाही, सैतानाशी व्यवहार करायचा नाही, परींना डिवचून त्यांचा रोष संघावर ओढायचा नाही, दुसऱ्या जादूगारावर चोरून नजर ठेवायची नाही. आणि सर्वांत गंभीर कलम म्हणजे दुसऱ्या सभासदाची जादूची ताकद हिरावून घ्यायची नाही. म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्समधली जी नेहमीची शिक्षा, तोच इथे सर्वांत मोठा गुन्हा.

मग दंड कसा करायचा? चौकशीला क्वेसिटोर नावाचे तपासनीस आहेत. प्रदेशागणिक ट्रायब्युनल आहे, ते सात वर्षांनी भरतं, आणि तिथे प्रत्येक जादूगाराला एक मत. किरकोळ गुन्ह्याला दंड, तोही बहुधा व्हिसमध्ये, म्हणजे घन रूपातल्या कच्च्या जादूमध्ये. मोठ्या गुन्ह्याला संघाबाहेर काढतात आणि गुन्हेगाराविरुद्ध ‘विझर्ड्‌स मार्च’ पुकारतात. अशा माणसाला मारायला कुणालाही मोकळीक, आणि त्याची ग्रंथसंपदा, प्रयोगशाळा जे मारायला गेले त्यांची. आता कल्पना करा, तुमचं पात्र आरोपी आहे, समोरच्याच्या संग्रहात पाहिजे असलेला ग्रंथ तुमच्याकडे आहे, आणि मतदानाला अजून तीन दिवस आहेत. न्याय, हावरेपणा, जुनी उसनवारी, सगळं एका खोलीत. डीएमला इथे देव व्हावं लागत नाही. तो फक्त वीस-पंचवीस स्वार्थी म्हाताऱ्यांची भूमिका करतो, आणि हे काम कुठल्याही मराठी माणसाला हाउसिंग सोसायटीच्या सभेवरून सहज जमतं.

‘ड्रॅगनलान्स’मधले लाल, पांढऱ्या आणि काळ्या झग्यांचे जादूगार याच घराण्यातले. तिथे ठराविक पातळीला पोचल्यावर मनोऱ्यात परीक्षा द्यायची, नापास झालात तर मृत्यू, आणि परीक्षाच टाळलीत तर बंडखोर म्हणून मागे माणसं. त्यांच्यातला रेस्टलिन नावाचा जादूगार या परीक्षेतून बाहेर आला तो सोनेरी कातडी आणि वाळूच्या घड्याळासारख्या बुबुळांसकट. ‘ड्रॅगन एज’मध्ये याहून भयानक सोय आहे. संघाला धोकादायक वाटलेल्या जादूगाराची जादू कापून टाकतात, आणि तिच्याबरोबर त्याच्या भावनाही जातात. वाचायला जबरदस्त, पण खेळाडूच्या पात्रावर हे करायच्या आधी त्याला विचारावं. न विचारता केलं तर तो उठून जाईल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

तिसरी जात फाशांची. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’च्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत पुरोहिताने पंथाचे नियम मोडले की त्याच्या नावावर पापाचे गुण जमा होतात. त्या क्षणी काहीच घडत नाही, आकाश फाटत नाही. पण प्रार्थना करताना तो दोन दहा-बाजूंचे फासे टाकतो, आणि एकम्‌ स्थानाचा आकडा त्याच्या पापाच्या गुणांइतका किंवा कमी आला, तर देवाचा कोप. प्रार्थना सफल झाली तरीही! म्हणजे जखमी मित्र बरा होतो आणि त्याच दमात पुरोहितावर संकट कोसळतं. एक पाप असेल तर धोका दहात एक, चार असतील तर दहात चार. खेळाडू स्वतःच कागदाकडे बघून ठरवतो, आज हात जोडावेत की नाही. डीएम निवांत चहा पितो.

‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ (२०१२) हेच थोडं चावटपणे करतो. क्लेरिकने वीस-बाजूंच्या फाशावर एक टाकला की देवाची नाराजी. मंत्र फसला की त्या दिवसापुरती नाराजीची कक्षा वाढत जाते: आधी एक, मग एक-दोन, मग एक ते तीन. परक्या नीतीच्या माणसाला बरं करणं हे पाप, त्यानेही ती वाढते. मात्र पन्नास सोन्याची नाणी अर्पण केली की ती एकाने उतरते. हा नियम मराठी टेबलावर कधीच समजावून सांगावा लागत नाही. पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी बोलणं मराठीतच चाललेलं असतं, आणि देव रुसला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, नवस बोलला तर चालेल का?

बाकी काही खेळांत परत मागणारी अशी कुणी व्यक्ती नसतेच. ‘मेज: द असेन्शन’मध्ये (१९९३) जगाच्या समजुतीला धक्का देणाऱ्या जादूगारावर वास्तवच उलटतं. ‘डार्क सन’मध्ये (१९९१) बेपर्वा जादूने भोवतालचं गवत राख होतं, आणि कटू भाग असा, की त्या मार्गाने जाणारा पात्र म्हणून लवकर वर चढतो. या सगळ्यांत मला सर्वांत हुशार वाटतो तो ‘रेव्हनलॉफ्ट’. तिथल्या अंधाऱ्या शक्ती वाईट कृत्याला शिक्षा करत नाहीत, बक्षीस देतात. डीएम गुपचूप शंभरातला फासा टाकतो. त्या शक्तींचं लक्ष गेलं तर पात्राला एखादी नवी ताकद मिळते आणि तिच्याबरोबर एखादी विद्रूप खूण. मढी उठवण्याचे मंत्र वापरलेत तर लक्ष जायची शक्यता आहेच. पायरी पायरीने ताकद वाढते, आणि शेवटच्या पायरीवर त्या पात्राला स्वतःचं राज्य मिळतं, ज्याच्या सीमा त्याला कधीच ओलांडता येत नाहीत. कागद डीएमच्या ताब्यात जातो. इथे एकही ओळ खोडली जात नाही. उलट इतक्या वाढतात की पात्र खेळाडूचं उरत नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीने (२००८) अगदी उलट टोक गाठलं. पॅलाडिनला एकदा दीक्षा मिळाली की ती शक्ती देवालाही परत घेता येत नाही. वाट सोडणाऱ्याचा समाचार त्याच्याच पंथाचे लोक घेतात. जुन्या खेळाडूंनी यावर नाकं मुरडली, दात काढलेला पॅलाडिन म्हणाले. मला तसं वाटत नाही. देवाची सही घेऊन मोकाट सुटलेला माणूस, आणि त्याला थांबवायला दमछाक करणारे त्याचे गुरुबंधू, ही केवढी मोठी कथा! दुर्दैवाने ती फार कुणी खेळली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनने शपथ मोडली आणि पश्चात्तापही दाखवला नाही, तर डीएम त्याला तो वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, सोडायला किंवा शपथभंग्याच्या वाटेने जायला लावू शकतो, एवढी सोय ठेवली. पण वॉरलॉकचं काय? सैतानाशी किंवा कुठल्या प्राचीन शक्तीशी करार करून जादू मिळवणारं हे पात्र, आणि करार मोडला तर शक्ती जाण्याचं एकही पक्कं कलम नाही. ज्याची अख्खी गंमत कर्जात आहे त्याच्याच कर्जाची वसुली नाही. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण म्हणूनच वॉरलॉकवर आहे.

राहिला परतीचा रस्ता. तिसऱ्या आवृत्तीत पदच्युत क्लेरिक किंवा पॅलाडिनसाठी ‘अटोनमेंट’ हा पाचव्या पातळीचा मंत्र होता. त्यात एक बारीक कलम दडलेलं होतं: चूक जाणूनबुजून केलेली असेल, तर मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताचे पाचशे अनुभवगुण खर्ची पडतात. पापी नव्हे, पुरोहित भरतो. बहुतेक वेळा हा पुरोहित म्हणजे शेजारच्या खुर्चीतला मित्र. त्या कलमाने किती टेबलांवर ‘केलंस तू आणि भरू मी?’ हा संवाद घडला असेल! खरंतर या अख्ख्या विषयातला सर्वांत जिवंत संवाद तोच आहे, कारण त्यात डीएमला तोंड उघडावंच लागत नाही. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ने अनुभवगुण काढून टाकले आणि त्यांच्या जागी अडीच हजार सोन्याच्या नाण्यांचा धूप आणि नैवेद्य लावला. भांडण मिटलं नाहीच. फक्त आता ते पार्टीच्या सामाईक थैलीवरून होतं.